मालमत्तेच्या रकान्यात माणसे

गेल्या सुट्टीत मामाकडे अमेरिकेत गेलो असता जॉर्जिया राज्यातील डेरियन गावाजवळचे बटलर बेट पाहण्याचा योग आला. सभोवार दलदल, आणि रस्त्याकडेला जुन्या भातगिरणीचे विटांचे उंच धुराडे.

आपल्याकडे खानापूर तालुक्यात भातशेती पावसावर चालते; येथे ती भरती-ओहोटीवर चाले. भरतीचे जड खारे पाणी खालून शिरून नदीच्या गोड्या पाण्याला वर उचलते. तेव्हा बांधातील लाकडी दारे उघडून शेते भरत, ओहोटीला पाणी सोडून देत. हे बांध आणि कालवे चिखलात उभे राहून गुलामांनी घातले.

पुढे मालक पीअर्स बटलर कर्जात बुडाला. मार्च १८५९ मध्ये सवाना शहराजवळ दोन दिवस लिलाव होऊन या बेटावरची व त्याच्या कापूसमळ्यावरची मिळून चारशेंवर माणसे विकली गेली. वसूल ३,०३,८५० डॉलर. आप्तस्वकीय कायमचे दुरावले.

वाणिज्य शाखेत आपण शिकतो की, मालमत्ता विकून देणी फेडता येतात. बटलरनेही तेच केले. ताटातूट लिहायला मात्र त्या वहीत रकाना नव्हता.