गोळी आणि दोन पाळ्या

मराठीत 'पाळी' हा शब्द दोन ठिकाणी चालतो. कारखान्यात दिवसपाळी नि रात्रपाळी असते, आणि बाईला महिन्याची पाळी येते. पहिल्या पाळीवरून आम्ही गेली कित्येक वर्षे मालकांशी भांडत आलो. दुसरीबद्दल युनियनच्या कचेरीत कधी अवाक्षर निघाले नाही. आणि निघाले असते तर आम्हीच मान खाली घातली असती, हे कबूल केले पाहिजे. आज ह्या व्यासपीठावरून आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही अर्धवट सोडलेली. तेव्हा ह्या अभ्यासाला आम्ही का लागलो, ते आधी सांगितलेले बरे.

नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले ठिकाण. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे मोठे कारखाने एकेक करून बंद पडले, त्या जागी मनोरे उठले. उरले ते गाळ्यांतले लहानसहान धंदे. अशाच एका गाळ्यात पॅकिंगच्या कामावर असलेली बाई आमच्याकडे तक्रार घेऊन आली. मुकादम संडासाच्या खेपा मोजतो नि पैसे कापतो, अशी तक्रार. इतक्या खेपा कशासाठी, असे आम्ही विचारले मात्र, ती गप्प झाली. सोबत आलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, दोन महिने झाले, तिला सारखे डाग लागतायत. बाळंतपणानंतर गोळ्या दिल्यात, त्यांनी." मुकादमाचा बंदोबस्त आम्ही आठवड्याभरात केला. पण तोवर बाईने गोळ्या फेकून दिल्या होत्या, आणि पुढे तिला, नको असताना, तिसऱ्यांदा दिवस गेले. गोळ्या देणाऱ्याने चार शब्द आधी सांगितले असते तर हे टळले असते काय? ते चार शब्द कोणते, हे आम्ही डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घेतले.

आपल्याकडे गोळी म्हटली की माला-डी किंवा माला-एन डोळ्यांपुढे येते. तिच्यात दोन संप्रेरके असतात, एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. पाकिटात २८ गोळ्या. पैकी २१ औषधाच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना औषधाला सुटी मिळते, आणि त्या सुटीत पाळी येते. म्हणजे साप्ताहिक सुटीचा वार ठरलेला आहे. ह्या बाईला दिलेली गोळी दुसऱ्या जातीची. तिच्यात प्रोजेस्टिन तेवढे असते. एस्ट्रोजेनमुळे अंगावरचे दूध कमी होण्याची भीती असते, शिवाय शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून मूल अंगावर पीत असेल किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर बहुधा ही एकेरी गोळी देतात. ती रोज घ्यावयाची, बिनसुटीची. तिने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो व पुरुषबीजाची वाट अडते. शिवाय काही महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडणेच थांबते. जुन्या गोळ्यांनी सुमारे निम्म्या वेळा, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीने जवळजवळ नेहमीच.

आता डाग का लागतात ते पाहू. दर महिन्यास गर्भाशयात अस्तर तयार होते आणि पाळीच्या वेळी एकदम गळते. सतत प्रोजेस्टिन चालू राहिले की हे अस्तर पातळ राहते, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, आणि ओल लागलेल्या भिंतीचा गिलावा जसा आज इथे, उद्या तिथे सुटतो तसे ते थोडथोडे सुटते. सुटीचा वार ठरलेला नाही, म्हणून यंत्र केव्हाही अडते. ढोबळ मानाने १० बायकांत ४ जणींची पाळी नियमित राहते, ४ जणींची अनियमित होते, आणि २ जणींची थांबते.

पाळी थांबली की दुसरीच भीती उभी राहते. "रक्त आत साठते, मग डोक्यात जाते," असे आमच्या वस्तीत अजून बोलतात. साठत काहीच नाही. अस्तर वाढलेच नाही तर गळणार काय? गोळी बंद केली की पाळी परत येते, आणि मूल होण्याची शक्तीही लवकरच परत येते. अर्थात पाळी चुकल्यावर दिवस गेले नाहीत याची एकदा तपासणी करून घ्यावी.

बाकीचे त्रास थोडक्यात सांगतो. छाती दुखणे, डोके दुखणे, तोंडावर पुटकुळ्या, मन उदास होणे हे काहींना होते, पुष्कळांना होत नाही. वजन वाढते असे सर्वत्र ऐकू येते. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. बीजकोशावर कधी पाण्याची गाठ येते, ती बहुधा आपोआप जिरते. स्तनाच्या कर्करोगाबद्दल २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले की, दोन संप्रेरकांच्या गोळीइतकाच ह्या गोळीनेही धोका किंचित वाढतो. तरुण वयात हा रोग मुळातच विरळ, म्हणून ही वाढ लहान आहे. पण ज्या बाईला तो झालेला आहे तिने ही गोळी घेऊ नये. पाळी चुकून पोटात एका बाजूला कळ आली तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. गोळी चालू असताना दिवस सहसा राहत नाहीत. राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शंका घ्यावी लागते.

आमच्या दृष्टीने खरी मेख वेळेत आहे. जुन्या जातीची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते, आणि ३ तासांहून जास्त उशीर झाला की ती चुकली असे धरतात. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला १२ तासांची सवलत आहे. चुकली तर आठवताच घ्यावी, आणि पुढले २ दिवस निरोधही वापरावा. हे लिहिणाऱ्याच्या घरात घड्याळ एकाच वेळेला जेवायला बोलावीत असेल. जिची पाळी दर आठवड्याला बदलते, जी ह्या आठवड्यात सकाळी सातला गाडीत उभी असते नि पुढच्या आठवड्यात त्या वेळी झोपायला येते, तिने कोणता ठोका पकडावा? आमचा साधा सल्ला असा की, वेळ ठरवताना कामाच्या सगळ्या पाळ्यांत जी जागेपणी येते तीच धरावी, मग ती दुपारी चारची का असेना.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये. क्षयावरच्या उपचारात रिफाम्पिसिन हे औषध असते. ते यकृताकडून ह्या गोळीचा फडशा पाडवते, आणि गोळी घेऊनही दिवस राहू शकतात. फिट्सवरच्या काही औषधांचेही तसेच. तेव्हा क्षयाच्या डॉक्टरला गोळीबद्दल आणि गोळी देणाऱ्याला क्षयाबद्दल सांगितले पाहिजे. तांबीला ही अडचण नाही.

ह्याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाने हा प्रश्न आपला मानला होता, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी शिकविले नाही. त्या काळी साधन मिळत नव्हते, भांडण साधनासाठी होते. पुढे साधन आले, आणि भांडण माहितीचे झाले. १९८५ साली हैदराबादजवळ पाटनचेरू येथे नेट-एन ह्या प्रोजेस्टिनच्याच इंजेक्शनच्या प्रयोगासाठी बायका जमविल्या होत्या, पण हा प्रयोग आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. स्त्री शक्ती संघटना, सहेली आदी संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००० साली सरकारने न्यायालयात सांगितले की, हे इंजेक्शन सरसकट देण्याचा विचार नाही. २०१७ पासून 'अंतरा' नावाने दुसरे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत मिळू लागले. त्याचा परिणाम तीन महिने टिकतो. टोचल्यावर ते काढून घेता येत नाही. गोळी निदान उद्यापासून बंद करता येते.

त्या गाळ्यात खेपा मोजणे बंद झाले, संडासात झाकणाची बादली आली. एवढ्यासाठी मालकाशी तीन बैठका घ्याव्या लागल्या, नि पहिल्या बैठकीत आम्हांलाच शब्द फुटेना. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या बाईने तांबी बसवून घेतली. तांबीने पहिले काही महिने अंगावरून जास्त जाते, हे तिला ह्या खेपेस नर्सबाईंनी आधीच सांगितले होते. जास्त गेलेच. तिने ती काढली नाही.