पाव किलो पाव!

बेकरीत जाऊन एकदा 'पाव किलो पाव द्या' असं म्हणून बघा. बेकरीवाला हसेल, कारण पाव वजनावर नाही, लादीवर मिळतो. पण तुमचं म्हणणं त्याला बरोब्बर कळेल. एका वाक्यात दोन 'पाव' आले, तरी त्याचा गोंधळ होणार नाही.

मग हे दोन पाव भाऊ-भाऊ असतील का? पुष्कळ मोठी माणसंसुद्धा 'हो' म्हणतात. कुणी सांगतं, चार पावांच्या चौकोनातून एक तोडला की तो चौथा हिस्सा, म्हणून पाव. कुणी आवाज खाली आणून सांगतं, 'अरे, बेकरीत पीठ पायांनी तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात!' झालं, हातातला घास हातातच राहतो. बिचाऱ्या पावावर असा आळ यावा, तोही नुसत्या नावावरून? चला, चौकशीच करू.

आधी पाव किलोतला 'पाव'. हा इथलाच. संस्कृतमध्ये 'पाद' म्हणजे पाय. गाई-म्हशींना पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पादच म्हणतात. याच पादापासून आपला पाय आला, पाव आला. 'सपाद', म्हणजे पाव जास्त, त्याचा झाला सव्वा. 'पादोन', म्हणजे पाव कमी, त्याचा झाला पाऊण. हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात, तोही याच घरातला. आणि गंमत म्हणजे लॅटिन भाषेतला पायाचा शब्द या पादाचा चुलतभाऊ आहे. त्याच्यापासूनच तुमच्या सायकलच्या पेडलचं नाव आलं. म्हणजे पाव किलो साखर आणि पेडल नातेवाईक निघाले!

आता खायचा पाव. हा आला समुद्रावरून. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकलं. त्यांना रोज जेवायला त्यांच्या देशातल्यासारखा पाव हवा. इथे पीठ फुगवायला यीस्ट कुठलं? मग माडाची ताडी घालून पीठ आंबवायला सुरुवात झाली. पोर्तुगीज भाषेत या पदार्थाचं नाव 'पांव', जरासं नाकातून म्हणायचं. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द. पदार्थ आला, त्याच्याबरोबर त्याचं नावही आलं. बटाट्याचंही तसंच झालं. तेव्हा बटाटेवडा-पाव खाताना लक्षात घ्या, यातले दोन शब्द पोर्तुगीज आणि फक्त वडा आपला!

तर पायांवरून पाव हे नाव पडलेलं नाही. कुठे कुणी पीठ पायांनी तुडवतही असेल, पण नावाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

या पोर्तुगीज पावाची आजी म्हणजे लॅटिन भाषेतला 'पानिस'. तिची नातवंडं जगभर पसरली आहेत. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोहोचले, म्हणून जपानी लोक पावाला अजून 'पान' म्हणतात. तिथे जेवणानंतर पान मागाल, तर विड्याऐवजी पावाचा तुकडा हाती येईल! फ्रान्समधल्या नातवाचा उच्चार साधारण 'पँ' असा, पण स्पेलिंग मात्र इंग्रजीतल्या दुखण्याच्या 'पेन'चं. त्या दुखण्याशी त्याचं नातं नाही हं, नुसती अक्षरं जुळली. आणि एक पाव तर आपल्या रोजच्या बोलण्यात लपून बसलाय. एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती, अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून तयार झाला शब्द 'कंपनी'!

आता चीनला चला. तिथे वाफवलेला, आत सारण भरलेला एक गोळा मिळतो. त्याला म्हणतात 'पाव'! बरंचसं आपल्यासारखंच म्हणतात. तुम्ही म्हणाल, हाही पोर्तुगीजांनीच नेला असणार. मुळीच नाही. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ गुंडाळणं, पुरचुंडी करणं. सारण पिठात गुंडाळलं, झाला पाव. पदार्थ सारखा, उच्चार सारखा, पण घराणं अगदी वेगळं.

आपल्याकडेही आणखी एक पाव आहेच. 'देव पावला', 'तुमचं पत्र पावलं' म्हणतो ना आपण? हा आला संस्कृतमधल्या 'प्राप्', म्हणजे मिळणं, पोचणं, या शब्दापासून. पैसे पोचल्याचा कागद ती पावती. खेड्यात 'पाव्हणे आले' म्हणतात, ते मात्र आणखी निराळे. त्यांचा पूर्वज संस्कृत 'प्राघुण'.

आता हे वाक्य वाचा. 'पावणेसातला पाव्हणे आले, म्हणून मी पाव किलो साखर आणि लादीपाव आणला नि पावती खिशात ठेवली.' यातले कोणते दोन एका घरातले, ते शोधा बघू. आणि हो, आईला कोडं घालायचं, तर ती पाव भाजत असताना घाला. तेव्हा तिला उत्तर दिल्याशिवाय हलता येणार नाही!