घर कोणाचे, जागा कोणाची?

कापूस विकून हाती चार पैसे आले. पोरं मोठी झाली, जुनं घर पुरेना. शेजारच्या गावात एक घर विकायला आहे असे कळले. घरधनी पाहून आला. विटांच्या भिंती, वर नवे कवेलू, मागे विहीर, आंगणात कडुनिंब. घर मनात भरले. विकणारा म्हणाला, "भाऊ, उद्या इसार द्या. स्टॅम्पावर लिहून देतो. घरटॅक्सची पावती माझ्याच नावाची आहे. आणखी काय पाहिजे?"

घरी आल्यावर बायकोने एकच विचारले, "अवो, घर त्याचं. पण घराखालची जागा कोणाची?"

नवऱ्याला उत्तर देता आले नाही. तुम्हाला आले असते का?

घर वेगळे आणि जागा वेगळी. कवेलू उतरवून नेता येतात, लाकूडफाटा नेता येतो, जागा नेता येत नाही. म्हणून भिंती पाहून झाल्या की कागद पाहायचा तो जागेचा.

आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. पूर्वी इथे मालगुजारी होती. नुसती शेतेच नव्हेत, तर आबादी, म्हणजे गावातली घरांची जमीनसुद्धा मालगुजाराच्या मालकीत धरत. घर राहणाऱ्याचे, जागा मालगुजाराची. ज्या सेगावात १९३६ साली गांधीजी राहायला गेले आणि ज्याला आपण आज सेवाग्राम म्हणतो, त्या गावची मालगुजारी जमनालाल बजाजांकडे होती. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. घर ज्याचे होते त्याच्याकडेच राहिले आणि त्याखालची जागा सरकारने त्याला लावून दिली. उरलेली आबादी सरकारकडे आली. पण पुष्कळ घरांचा कागद असा कधी झालाच नाही. बाप राहत होता म्हणून लेक राहतो, एवढेच.

मग लोक दाखवतात घरटॅक्सची पावती. ग्रामपंचायतीत नमुना ८ असतो. त्यात कोणत्या घराचा टॅक्स कोण भरतो ते लिहिलेले असते. तो टॅक्सासाठी आहे. सरकारी जागेवर घर बांधून बसलेल्याचेही नाव त्यात असू शकते. पावती सांभाळून जरूर ठेवावी, पण तिच्या भरवशावर लाखभर रुपये कोणाच्या हाती देऊ नयेत.

तर कोणता कागद पाहायचा? जागा कुठे आहे त्यावर ते ठरते.

जागा गावठाणात असेल तर आखीव पत्रिका पाहा. तिला मिळकत पत्रिकाही म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात ती मिळते. २०२० साली स्वामित्व नावाची योजना निघाली. घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, वरून ड्रोन फिरतो, नकाशा होतो आणि मग चौकशी करून नाव लागते. चुना पडतो त्या दिवशी घरी हजर राहा, शेजाऱ्यालाही बोलवा. हात-दीड हाताचे भांडण तिथेच मिटलेले बरे.

जागा शेतात असेल तर सातबारा. त्यावर 'भोगवटादार वर्ग १' लिहिले असेल तर धनी सहसा मोकळेपणी विकू शकतो. 'वर्ग २' असेल तर सरकारी परवानगीवाचून विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन दुसऱ्याला घ्यायची तर तिथेही परवानगी लागते, मग वर्ग कोणताही असो. भूदानात मिळालेली जमीन कसण्यासाठी दिलेली असते, विकण्यासाठी नव्हे; पवनारच्या जिल्ह्यात हे तरी आपण विसरू नये. आणि कुठे 'झुडपी जंगल' असे लिहिलेले दिसले तर तिथेच थांबा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन धरली आहे. जुन्या वापराला काही वाट ठेवली आहे, नव्या खरेदीला नाही.

शेताचे तुकडे पाडून 'प्लॉट' म्हणून विकणारेही भेटतात. दगड रोवलेले असतात, रस्ता आखलेला असतो, चहासुद्धा पाजतात. ती जमीन अकृषक झाली आहे का आणि नकाशा मंजूर आहे का, हे दोन कागद मागा. चहा प्या, पण कागद मागा.

वर्धा किंवा हिंगणघाट शहरात घर घ्यायचे तर नझूलची चौकशी करा. नझूलची जागा सरकारची. ती मुदतीच्या पट्ट्याने दिलेली असते. मुदत संपली आहे का, अटी मोडल्या आहेत का, हे पाहूनच बोलणी करा.

शहरात फ्लॅटही असतात. एका इमारतीत वीस घरे, आणि खालची जागा एकट्याची नाही. ती सोसायटीची असते किंवा सगळ्यांची मिळून. आपल्याकडे हक्क खोलीचा, जिना आणि पाणी सामाईक. मोठ्या इमारतीची महारेरात नोंद लागते. नोंदवलेला करारनामा झाल्याशिवाय बांधणाऱ्याला किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आता स्टॅम्पाचे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घर-जागेची विक्री रजिस्ट्रीनेच होते. साध्या स्टॅम्पावर सही-अंगठा करून, नोटरीचा शिक्का मारून, मालकी येत नाही. रजिस्ट्री दुय्यम निबंधकाकडे होते. त्यानंतर आपले नाव चढले की नाही ते पुन्हा जाऊन पाहावे लागते. हे पुष्कळ जण विसरतात.

आपल्या घरधन्याने इसार दिला नाही. तालुक्याला जाऊन आखीव पत्रिका काढली. तिच्यावर नाव निघाले विकणाऱ्याच्या बापाचे. बाप मरून नऊ वर्षे झालेली, मृत्युपत्र नाही. विकणाऱ्याला दोन बहिणी, दोघी सासरी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा वेळी मुलीलाही मुलाइतकाच वाटा असतो. भावाने एकट्याने विकले असते तर बहिणींचे वाटे तसेच राहिले असते आणि आपला घरधनी कोर्टात उभा राहिला असता.

विकणारा आधी चिडला. मग गेला फेरफार करायला. तिघांची नावे चढली. बहिणी दिवाळीला माहेरी आल्या, त्यांनी आपला वाटा मागितला, भावाने कबूल केला. रजिस्ट्रीच्या दिवशी तिघांनी सह्या केल्या.

नाव कोणाचे टाकायचे, असे कारकुनाने विचारले. महाराष्ट्रात २०२१ पासून राहते घर बाईच्या एकटीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतले तर ती मिळत नाही.

घरधन्याने बायकोकडे पाहिले. म्हणाला, "जागा कोणाची ते तूच विचारलं होतं ना? मग आता तुझीच लिहू."