सहा सुळ्यांचा हत्ती आणि 'दैवी देणगी'

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरला होता. आठवीतल्या एका पोराने ड्रॅगन काढला. पंख होते, शेपूट होती, तोंडातून जाळही निघत होता. पण हा प्राणी उडेल असे काही वाटेना. पंख पाठीला गोंदाने चिकटवल्यासारखे दिसत होते. पोर हिरमुसले. त्याला न्यायला आलेली आई म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, ते हातात असावं लागतं. देवानं दिलेली देणगी असते ती."

समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांचा फलक होता! त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. हे वाक्य तिचे नाहीच. ते तिच्या तोंडी कोणी घातले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ड्रॅगन कोणी पाहिलेला नाही. मग तो चुकला हे आपल्याला कळते कसे? कारण आपण वटवाघूळ पाहिलेले असते, घार पाहिलेली असते, सरडा पाहिलेला असतो. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. लांबलचक बोटे आणि त्यांवर ताणलेले कातडे. हात म्हटला की खांदा आला, खांद्याचे स्नायू आले. पोराने खांदाच काढला नव्हता. त्याची चूक कल्पनेतली नव्हती, निरीक्षणातली होती. आणि निरीक्षण शिकवता येते. लिओनार्दो दा विंची याने हेच सांगून ठेवले आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्यांकडून घ्या, डोके कुत्र्याचे, डोळे मांजराचे, मान कासवाची.

पण त्यासाठी इटलीला जाण्याची गरज नाही. आपले अजिंठा आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनापूर्वीच्या काळात आणि पुढे १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकात छद्दंत जातक रंगवले गेले. बोधिसत्त्व सहा सुळ्यांच्या हत्तीच्या जन्मात असतानाची ही कथा. सहा सुळ्यांचा हत्ती जगात कुठे आहे? तरीही भिंतीवरचा तो कळप पाहताना मनात शंका येत नाही. कारण सोंड कशी वळते, पाय कसा दुमडतो, हे त्या चित्रकारांना पाठ होते. सगळा हत्ती खरा, म्हणून जास्तीचे सुळेही खपून गेले. आजच्या भाषेत बोलायचे तर ही फँटसी आर्टच. दान देणाऱ्यांचे लेख लेण्यांत कोरलेले आहेत. हात ज्यांचे राबले त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

तज्ज्ञ माणसाच्या डोक्यात नेमके काय असते, हे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना चालू डावाचा पट पाच सेकंद दाखवला आणि मोहरे आठवून मांडायला सांगितले. मुरलेल्या खेळाडूने बहुतेक मोहरे बरोबर मांडले, नवख्याला चार-पाच जमले. मग तेच मोहरे वाटेल तसे विस्कटून ठेवले, तेव्हा मुरलेल्याची करामत संपली. तो नवख्याच्याच रांगेत आला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. हजारो डाव खेळून ओळखीच्या रचना त्याच्या डोळ्यांत बसल्या होत्या. आणि कला हातात असते म्हणावे, तर अमेरिकेतला फँटसी चित्रांचा दादा माणूस फ्रँक फ्रॅझेटा पाहा. पक्षाघाताच्या झटक्यांनी त्याचा उजवा हात निकामी झाला, तर तो डाव्या हाताने काढायला शिकला.

सरावाने सगळे साधते, असेही आम्ही म्हणत नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संगीतातल्या कामगिरीतला जेमतेम पाचवा हिस्सा फरक सरावाने उलगडला. बाकीच्यात अंगचा कल असेल, सुरुवातीचे वय असेल, शिकवणारा कसा मिळाला हेही असेल. पण या उरलेल्या भागाला 'देणगी' असे एकच नाव देऊन मोकळे होणे म्हणजे लबाडी आहे.

आमचा राग आहे तो इथे. पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसे हलगी वाजवत आली, कातडे कमावत आली, दोर वळत आली. हलगीच्या तालात काय गणित आहे ते वाजवून बघा म्हणजे कळेल! पण त्याला कोणी प्रतिभा म्हटले नाही. तो 'जातीचा धंदा' ठरला. तीच साधना माडीवर तंबोरा घेऊन झाली की ती 'दैवी देणगी'. कौशल्य एकच, नावे मात्र दोन. एका नावाने मान आणि बिदागी मिळाली, दुसऱ्याने शिळी भाकरी. पुढे याच देणगीचे 'मेरिट' झाले आणि ते राखीव जागांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. आजही इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही तिथल्या पोराने ते कुठून आणायचे? आणि नाही आणले तर म्हणायचे, त्याच्या हातात कला नाही.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले, चित्रकलाही शिकायला घेतली. एवढा मोठा विद्वान शिकवणाऱ्यापुढे नवशिका होऊन बसला. आम्हाला जन्मतः येत नाही, मग कशाला, असे ते म्हणाले नाहीत.

त्या पोराला आम्ही वटवाघळाच्या सांगाड्याचे चित्र मिळवून दिले. आठवडाभर त्याने वहीत नुसती बोटे आणि खांदे काढले, ड्रॅगनला हात लावला नाही. आता पंख बसला आहे. मागचे पाय अजून जमत नाहीत, म्हणून सध्या तो विहाराच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यापुढे वही घेऊन बसतो. कुत्रे सारखे उठून जाते, ही त्याची तक्रार आहे.