धानाची रोवणी आणि बाळाची तारीख

भंडारा जिल्ह्यात पाऊस स्थिरावला की भर दिवसा गावे ओस पडतात. पऱ्हे उपटून चिखलणी केलेल्या बांधीत रोवण्याची घाई असते, आणि हे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे. मे महिन्याच्या मध्यास जन्मलेले बाळ जूनअखेर सहा आठवड्यांचे, जुलैअखेर दहा आठवड्यांचे आणि ऑगस्टच्या अखेरीस चौदा आठवड्यांचे होते. बालकाच्या लसीकरणातील तीन महत्त्वाच्या तारखा अशा रीतीने ऐन रोवणीच्या हंगामात येतात. जानेवारीअखेर जन्मलेल्या बालकाचा नववा महिना भरतो, तेव्हा धान कापणीला आलेले असते. लसीला विरोध करणारे घर गावात विरळाच सापडते. “आज राहिले, पुढच्या वेळी नेऊ” असे म्हणणारी घरे मात्र अनेक असतात. म्हणून लसीकरणाचा प्रश्न दवाखान्याइतकाच गावच्या कामाच्या वेळापत्रकाचाही आहे.

लस म्हणजे रोगाची पूर्वओळख. रोगजंतू मारून, दुर्बळ करून किंवा त्याचा निरुपद्रवी अंश घेऊन तो शरीरास दाखविला जातो. शरीर त्याच्याशी लढण्याची तयारी करते व ती लक्षात ठेवते. तथापि काही रोगांच्या बाबतीत एका ओळखीने ही आठवण पक्की होत नाही. शिक्षकांना हे सांगावयास नको, कारण पाढे एकदा म्हणवून कोणत्याही वर्गाला पाठ झालेले नाहीत. पंचगुणी म्हणजेच पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूंमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षण देते. तिच्या तीन मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत देतात त्या याच कारणाने. जन्मतः क्षयरोगावरील बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब ची मात्रा द्यावयाची असते. रोटाव्हायरसमुळे होणारा अतिसार, न्यूमोकॉकल जंतूचा न्यूमोनिया आणि पोलिओची इंजेक्शने हीही पुढील वेळापत्रकात आहेत. विदर्भातील काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही दिली जाते.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बालकाच्या रक्तात काही महिने टिकून असते आणि त्या काळात दिलेली लस पुरेशी लागू पडत नाही. उलट फार उशीर केल्यास ते संरक्षण ओसरून बालक उघडे पडते. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते.

शंभर मुलांचा हिशेब

पंचायत सदस्यांनी एक साधा हिशेब मांडून पाहावा. नवव्या महिन्यातील गोवराची पहिली मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण देते. गावातील शंभरही मुलांनी ती घेतली, तरी पंधरा मुले असुरक्षित राहतात. दोन्ही मात्रा घेतल्या तर हा आकडा तिनापर्यंत खाली येतो. आता त्याच गावात वीस मुलांची पहिली मात्रा ‘राहिली’ असे धरू. उरलेल्या ऐंशींपैकी अडुसष्ट सुरक्षित झाली, म्हणजे बत्तीस मुले उघडी. पुढील वर्षी जन्मलेल्यांतील अशी मुले त्यांत मिळतात. ही शिल्लक वर्षानुवर्षे साचत जाते आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण रोग आलेला नसतो.

गोवर अत्यंत संसर्गजन्य आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू हवेत राहू शकतात. सारे असुरक्षित असतील तर एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांस लागण होते. त्यामुळे शंभरांतील सुमारे पंच्याण्णव बालके सुरक्षित असल्याखेरीज त्याची साखळी तुटत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. ही गावे दूर आहेत असे भंडाऱ्याने मानू नये. मुंबई-हावडा लोहमार्ग भंडारा रोड व तुमसर रोड या स्थानकांवरूनच जातो आणि मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे सणावारी त्याच गाड्यांनी परततात. गोवर आला की उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा लावून वाट पाहण्याची जुनी रीत आहे. डहाळ्याने अपाय होत नाही हे खरे, पण गोवरानंतर येणारा न्यूमोनिया, अतिसार किंवा अंधत्व त्याने टळत नाही.

धनुर्वाताची गोष्ट याहून निराळी आहे. देवीचा रोग माणसांतच राहत होता. म्हणून १९७५ मध्ये तो भारतातून गेला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. धनुर्वाताचे जंतू मात्र मातीत असतात. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली म्हणून एकशे एकावे मूल त्यापासून वाचत नाही. ज्या जिल्ह्यात अर्धे आयुष्य अनवाणी पायांनी बांधीच्या चिखलात जाते, तेथे ज्याची त्यालाच ही लस घ्यावी लागते. गर्भवतीस दिलेल्या लसीमुळे मातेचे व नवजात बालकाचे रक्षण होते. या आणि सुरक्षित बाळंतपणाच्या बळावर २०१५ मध्ये भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन साधले.

कार्ड माहेरी, बाळ सासरी

पहिले बाळंतपण माहेरी होण्याची प्रथा सर्वत्र आहे. तुमसर तालुक्यातील कित्येक सुनांचे माहेर राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात असते. जन्माच्या वेळच्या लसी तेथे, पुढील येथे, आणि माता व बाल संरक्षण कार्ड माहेरच्या पेटीत. अशा बालकाचे नाव कधी दोन्ही गावांच्या यादीत असते, तर कधी एकाही नसते. यू-विन या संगणकीय नोंदीमुळे ही अडचण कमी होऊ शकते. तरीही कार्ड बाळाबरोबर फिरले पाहिजे, आणि सून बाळाला घेऊन सासरी आली की आठवड्याच्या आत आशा कार्यकर्तीस कळले पाहिजे. जन्मनोंदणी ग्रामपंचायतीत होते. नोंदवही आणि आशाताईंची यादी महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवल्यास गळालेली नावे तत्काळ दिसतात. वीटभट्टीवर किंवा तेंदूपत्त्याच्या कामावर आलेल्या बाहेरच्या मजुरांची मुले मात्र या दोन्ही कागदांत नसतात. त्यांच्यासाठी भट्टीवर जावे लागते.

सत्राचा दिवस व वेळ ठरविताना आरोग्यसेविका आणि सरपंच यांनी रोवणीचा विचार करावा. रोवणीच्या बाया सकाळी लवकर बांधीवर निघतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत हा विषय जून उजाडण्यापूर्वीच यावा. आदल्या सायंकाळी दवंडी किंवा ध्वनिक्षेपक, आणि बाळाची आई कामावर गेली असल्यास त्याला कोण आणील याची निश्चिती, एवढे गावाने करावे. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राखून शीतपेटीतून आणाव्या लागतात. गोवर-रुबेला व बीसीजीची कुपी उघडून द्रावण केले की चार तासांनंतर ती वापरता येत नाही. एका बालकासाठीही कुपी उघडावी असाच दंडक आहे. तरीही बालके वेळेवर एकत्र आली तर मात्रा वाया जात नाहीत.

टोचण्यापूर्वी व नंतर

मातेने कार्ड घ्यावे, बाळास दूध पाजलेले असावे, आणि हात व मांडी सहज मोकळी होईल असे सैल कपडे घालावेत. किरकोळ सर्दी-खोकला किंवा हलका जुलाब असेल तर लस टाळण्याचे कारण नाही. पूर्वी एखाद्या लसीनंतर गंभीर त्रास झाला असल्यास तो आधी सांगावा. लस दिल्यानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. तीव्र ॲलर्जी अतिशय क्वचित होते, पण झाल्यास उपचार तत्काळ मिळतात. पंचगुणी लसीनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर व मांडीवर सूज येते. सेविकेने सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे व स्तनपान चालू ठेवावे. टोचल्या जागी हळद, तेल वा शेक नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन वण राहतो, ते स्वाभाविकच आहे. गोवराच्या लसीनंतर काही मुलांना साधारण आठवडाभराने ताप व फिकट पुरळ येते. मात्र ताप दोन दिवसांत न ओसरल्यास, झटके आल्यास किंवा मूल मलूल पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या तापाची सूचना आधी दिली नाही तर पुढील मात्रा हमखास चुकते. आजी म्हणते, बरे मूल आजारी केले. हा राग निराधार नाही, कारण तिला कोणी काही सांगितलेलेच नसते. तेव्हा माहिती द्यावयाची ती केवळ आईला न देता घरातील वडीलधाऱ्यांनाही द्यावी.

तारीख चुकलीच, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. राहिलेल्या मात्रेपासून पुढे जावयाचे असते. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. पल्स पोलिओच्या रविवारी थेंब पाजले म्हणजे सर्व झाले, हा समज मात्र दूर करावयास हवा. ते थेंब नियमित लसींची जागा घेत नाहीत.

शाळेचा संबंध पाचव्या-सहाव्या वर्षी येतो, तेव्हा त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा असते. पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांनी जन्मदाखल्यासोबत लसीचे कार्डही पाहावे व अपुरे असल्यास आरोग्यसेविकेस कळवावे. शाळेत लस द्यावयाच्या दिवशी मुले उपाशी नसावीत, एकेकास खाली बसवून टोचावे आणि वाट पाहणारी रांग दुसऱ्या खोलीत ठेवावी. एक मूल घाबरून भोवळ येऊन पडले, तर मागची दहा पडतात.