आपट्याची जमीन आणि गोल्फचे वेडे

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, एका अंगास कर्नाळ्याचा सुळका आणि दुसऱ्या अंगास माणिकगडाचा डोंगर यांच्या दरम्यान पाताळगंगेने जे सपाट खोरे विस्तारले आहे, त्यात आपटा हे गाव वसलेले आहे. आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या 1995 सालच्या चित्रपटातील धावत्या गाडीचा अखेरचा प्रसंग ज्या फलाटावर चित्रित झाला तो फलाट पाहण्यास येणारे शौकीन वगळले, तर परक्या माणसाने येथे मुद्दाम उतरावे असे कारण सकृद्दर्शनी आढळत नाही. आमची मंडळी मात्र दरसाल पौष-माघात येथे उतरते, आणि तीही गोल्फच्या निमित्ताने. खेळायचे ते आदल्या दिवशी याच तालुक्यातील खारघरला; आपट्यास येताना काठ्या बरोबर घ्यायच्या नाहीत, असा आमचा दंडक आहे.

या मंडळीत एक वास्तुविशारद आहेत, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, आणि खेळात यथातथाच असलेले माझ्यासारखे काहीजण आहेत. चेंडू किती टोल्यांत गेला यापेक्षा मैदान कोणी व कसे आखले, पाण्याचा ओघळ कोणत्या बाजूस काढला, हिरवळ अमुकच उतारावर का ठेवली, या वादात आम्हांस अधिक गोडी. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने केलेले मैदान प्रथम केवळ 11 होलांचे होते, म्हणून काही खेळाडू नाके मुरडीत. परंतु ज्या सेंट अँड्र्यूजला या खेळाची काशी मानतात तेथेही 1764पर्यंत फेरी 22 होलांची होती, आणि 1860 साली पहिली ओपन स्पर्धा ज्या प्रेस्टविकला झाली तेथे तर अवघे 12 होल होते. अठराचा आकडा शास्त्राने नव्हे, वहिवाटीने ठरला आहे.

सेंट अँड्र्यूजची ती आद्य जमीन म्हणजे समुद्र आणि शेतीयोग्य शिवार यांच्या मधला वाळूचा, खुरट्या गवताचा, नांगरास निरुपयोगी पट्टा. मेंढरे आडोशाला बसून जेथे जमीन झिजली तेथे वाळूचे खळगे पडले, आणि पुढे त्यांसच बंकर ही पदवी प्राप्त झाली, असे मानतात. आपट्याहून पाताळगंगा खारपाड्याकडे उतरते आणि पुढे धरमतरच्या खाडीस मिळते, त्या मुलुखातही समुद्र व शिवार यांच्या मधला असाच बेवारस पट्टा होता. मात्र आमच्या पूर्वजांनी तेथे खेळ मांडला नाही, भात पेरले. खाजणाला बांध घालावा, ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी बसवावी, आणि जो हे पदरमोड करून करील त्यास शिलोत्रीच्या हक्काने जमीन द्यावी, अशी पेण महालातील जुनी रीत होती. बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळाकडून सरकारी साऱ्याखेरीज वेगळे धान्य घेतले जाई. बोटभर चढउतारावर सबंध हंगाम अवलंबून असलेल्या त्या लोकांपुढे आमचे नामांकित मैदान-रचनाकार उमेदवारच ठरतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपट्याच्या शिवारात हे हिवाळ्यात विशेष उमगते. भात कापून गेलेले असते, खाचरांचे बांध उघडे पडलेले असतात, उरलेल्या ओलीवर वाल उभा असतो, आणि रायगडाच्या रिवाजाप्रमाणे भांबुर्डीच्या पाल्याने भरलेल्या मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी शिजत असते. ती शिजेपर्यंत आमचा खेळ चालतो, तो असा की या जमिनीवर एकही ढेकूळ न हलवता मनातल्या मनात मैदान आखायचे. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा या कलेतला थोर पुरुष मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात त्याने पाहिले की मूठभर शेतकरी साध्या भूमीच्या आधाराने स्वतःस असे लपवितात की मोठ्या फौजेस ते दिसतही नाहीत. दृष्टीस फसविण्याची ती विद्या त्याने पुढे मैदानांत उतरविली. 1933 साली खुले झालेले ऑगस्टाचे मैदान त्याचे आणि बॉबी जोन्सचे. गनिमी काव्याच्या देशात वाढलेल्यास यात नवल वाटू नये. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी ज्यांनी पाण्याची टाकी खोदली, त्यांनीही असल्या कातळास विरोध न करता त्यालाच कामास लाविले. 1818 साली कर्नल प्रॉथरने हा गड इंग्रजांकडे घेतला, तरी ती टाकी आजही आहेत.

नदीविषयी मात्र एक खुलासा आवश्यक आहे. कोकणातल्या लहान नद्या माघापर्यंत आटत असता पाताळगंगा वाहती का राहते? तर लोणावळा, वळवण आणि शिरवटा या घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात पडते आणि तेथून या नदीत येते. टाटांचे हे वीजगृह 1915 साली सुरू झाले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. हिंदी व युरोपीय या दोहोंस गोल्फची हिरवळ सारखीच खुली करणारा मुंबईतला क्लब त्यांच्याच नावाचा. आपट्यास बसून गोल्फच्या गप्पा छाटणाऱ्यांस हा योगायोग सुखावणारा आहे खरा. पण याच वाहत्या पाण्यामुळे शेजारी रसायनीचे कारखाने उभे राहिले, हेही त्याच दप्तरात नोंदविले पाहिजे.

साठीच्या दशकात आलेला रूळ पुष्कळ वर्षे आपट्यासच थबकून होता. 1986 साली तो रोह्यास पोहोचला. आता विमानतळामुळे तालुक्यातील सातबारे झपाट्याने फिरत आहेत, आणि कोणी धनिक येथे खरोखरच मैदान काढील ही भीती आमच्यातल्या एकास नेहमी वाटते. मला ती रास्त वाटते. उन्हाळ्यात हिरवळ राखण्यास जे पाणी लागते ते कोणाच्या तरी वाट्याचे असते, आणि भाताच्या बांधांवर बुलडोझर फिरवून घडविलेले उंचवटे कितीही मोहक असले तरी पहिल्या पावसाळ्यातच पाणी आपली जुनी वाट मागते.

आमचे कागदावरचे मैदान अद्याप पुरे झालेले नाही. सतरा होलांवर एकमत आहे. शेवटचा कर्नाळ्याकडे तोंड करून असावा, म्हणजे सुळक्याची दिशा धरून चेंडू मारता येईल, असा भूमापकांचा आग्रह. वास्तुविशारदांचे म्हणणे की संध्याकाळी त्या दिशेस ऊन डोळ्यांवर येते, तेव्हा शेवट नदीकडेच हवा. दोन्ही पक्षांची पोपटी एकाच मडक्यातली असते, आणि दिव्याकडची गाडी चुकू नये म्हणून वाद पुढील पौषावर तहकूब होतो.