वादळाची वाट आणि नकाशावरची रेघ (लेखमाला ‘ढगांची भाषा’ : लेखांक ११)

‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले. नागपूर तिथून सुमारे सहाशे किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी तेलंगणाकडे सरकताना वाऱ्याचा जोर ओसरला आणि ‘चक्रीवादळ’ ही पदवी गेली. २८ तारखेच्या सकाळी नांदेडहून नागपूरकडे येणारी एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून पुरात वाहून गेली; माणसे दगावली. त्याच दिवशी मराठवाड्यात मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. म्हणजे कागदोपत्री वादळ संपल्यावर आपल्याकडे त्याचा खरा तडाखा सुरू झाला.

हवामान खाते वादळाची प्रत फक्त वाऱ्यावरून लावते. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की चक्रीवादळ, ८९ च्या वर तीव्र, ११८ च्या वर अतितीव्र. पाऊस किती पाडणार, याला या प्रतवारीत जागाच नाही. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, झाडे-डोंगर-घरांशी घर्षण होते आणि काही तासांत वारा मंदावतो. पण वादळाने समुद्रावरून उचलून आणलेले बाष्प असे काही तासांत नाहीसे होत नाही. त्यात सप्टेंबरअखेरची आपली जमीन पावसाने भिजलेली आणि नदी-नाले भरलेले. बातमीत ‘वादळ कमकुवत झाले’ असे ऐकले की विदर्भात लोक निर्धास्त होतात. माझ्या मते बातमीतला सर्वांत फसवा शब्दप्रयोग हाच.

गेल्या आठवड्यात आपण कमी दाबाचे क्षेत्र कसे तयार होते ते पाहिले. आता ते कुठे जाणार, हे कसे ठरवतात ते पाहू. अमेरिकेत विमाने थेट वादळात घालतात. आपल्याकडे तशी नेहमीची सोय नाही, त्यामुळे भिस्त मुख्यतः इन्सॅटच्या उपग्रहचित्रांवर. ढगांचा पिळा किती घट्ट, मधला डोळा किती स्वच्छ, ढगांचे माथे किती थंड यावरून वाऱ्याचा वेग काढायची पद्धत व्हर्नन द्वोराक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली आणि जगभर आजही तीच चालते. वादळ किनाऱ्याच्या टप्प्यात आले की डॉप्लर रडार मदतीला येते.

वादळ स्वतःच्या मर्जीने फारसे फिरत नाही. ओढ्यात पडलेल्या भोवऱ्यासारखे ते गरगरते स्वतःभोवती, पण वाहते भोवतालच्या प्रवाहाबरोबर. हा प्रवाह म्हणजे पाच-सहा किलोमीटर उंचीवरचे वारे. ते मोजण्यासाठी देशभरातून हायड्रोजनचे फुगे यंत्र बांधून सोडतात. आपल्या सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रातूनही ते सुटतात. बंगालच्या उपसागरातले वादळ कुठे वळेल, या गणितात समुद्र न पाहिलेल्या नागपूरच्या आकाशाचाही आकडा असतो तो असा.

एवढे करूनही २४ तास आधी सांगितलेल्या जागेत सरासरी ७०-८० किलोमीटरची चूक पडते. पूर्वीच्या मानाने हे फारच चांगले आहे, आणि ओडिशासारख्या लांब किनाऱ्याला ते पुरते. बेटाला पुरत नाही. लक्षद्वीपचे मिनिकॉय घ्या : लांबी दहा-अकरा किलोमीटर, रुंदी जेमतेम एक. अख्खे बेट अंदाजाच्या चुकीत मावते. शिवाय लक्षद्वीपची सगळी बेटे मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर शहराचा सुमारे सातवा भाग, आणि समुद्रसपाटीपासून उंची काही मीटरच. ओडिशात लाखो लोकांना आत हलवता येते. बेटावर ‘आत’ म्हणून काही नसते.

नोव्हेंबर २०१७ अखेरच्या ‘ओखी’ वादळात हे दिसले. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ साधे कमी दाबाचे क्षेत्र, दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीच्या समुद्रात चक्रीवादळ आणि लक्षद्वीप ओलांडता ओलांडता अतितीव्र. वाट काय असेल यापेक्षा ते इतक्या लवकर चिडेल, हा अंदाज अवघड गेला. मच्छीमार आधीच समुद्रात होते. केरळ-तामिळनाडूच्या कित्येकांचे जीव गेले. शेकडो जण मात्र बोटींसह भरकटत थेट आपल्या सिंधुदुर्गात देवगडला लागले. बेटांवर माड आडवे झाले. प्रवाळबेटांभोवती समुद्र एकदम खोल असल्याने तिथे उथळ किनाऱ्यासारखी पाण्याची मोठी भिंत चढत नाही. धोका असतो तो लाटांचा. त्या बेटावर चढल्या की विहिरी खारट होतात. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, एवढाच काय तो साठा. तो बिघडला की गोड्या पाण्याचा प्रश्न वादळ गेल्यावरही कित्येक दिवस मागे राहतो.

आता पुन्हा ‘गुलाब’कडे. विदर्भ-मराठवाडा भिजवून त्याचा उरलासुरला भाग गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरला, तिथे गरम पाण्यावर पुन्हा पिळला आणि १ ऑक्टोबरला नवे चक्रीवादळ झाला. जुने वादळ मोडून नवे उभे राहिले म्हणून नावही नवे : ‘शाहीन’. (‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेले, ‘शाहीन’ कतारने.) ३ ऑक्टोबरला ते ओमानमध्ये मस्कतच्या वायव्येला धडकले. खाबुरा भागात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, एरवी तिथे काही वर्षे मिळूनही तेवढा पडत नाही. आंध्रातून निघालेल्या त्या भोवऱ्याने विदर्भाची वाट पार करायला दोनेक दिवस घेतले होते, आणि तेवढ्या वेळात नकाशावर त्याच्यासाठी चक्रीवादळाची वाट दाखवणारी रेघ नव्हती. विदर्भातल्या वाचकाने तेव्हा पाहायचे असते ते नागपूर केंद्राचे जिल्हावार इशारे : पिवळा, नारिंगी, लाल. ते पावसाचाही विचार करून दिलेले असतात.

पुढच्या आठवड्यात : रडारच्या चित्रातले रंग कसे वाचावेत.